मागचं डावं चाक

हिरामण, काल परत तेच झालं. आग्रा रोडवरून येताना हात आपोआप हॉर्नवर गेला आणि तुझ्या दुकानापुढे मी हॉर्न दिला. एक लांब, एक आखूड, आपली नेहमीची खूण. मग दिसलं की शटर खाली आहे. समोरचा रसवंतीवाला माझ्याकडे बघत राहिला. मी आपला उतरून काच पुसायला लागलो. काच स्वच्छच होती.

तुझी गंधमुक्ती पार पडली. लोक आले, जेवले, तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलून गेले. माणूस गेला की आपल्याकडे त्याच्याइतका गुणी माणूस पंचक्रोशीत नसतो. जे तुला जन्मभर लांबूनच 'ओ टायरवाले' म्हणून हाका मारायचे, त्यांनीही डोळ्यांना रुमाल लावला. वहिनींनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं, मी नको म्हटलं. मला तुझ्याबद्दल चांगलं बोलायचंच नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, आणि परवापासून त्या भांडणात माझ्या हाती असं हुकमाचं पान आलंय की तू समोर असतास तर तुझी बोलतीच बंद झाली असती. आता पान हातात आहे आणि समोर खेळणारा उठून गेलाय. म्हणून लिहितोय. एसटीत असताना रोजचा कागद भरण्यापलीकडे मी कधी काही लिहिलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नको.

मी एसटीतून निवृत्त झालो तेव्हा माझी मंडळी नुकतीच गेलेली, मुलगा सुरतेला. घरात रेडिओ सोडला तर बोलणारं कोणी नव्हतं, आणि रेडिओला माझं ऐकू येत नव्हतं. ही जुनी जीप घेतली ती भाड्यासाठी, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे घराबाहेर पडायला काहीतरी निमित्त हवं होतं. सकाळी जीप काढायची, तुझ्या दुकानापुढे आणून लावायची आणि भाडं मिळेपर्यंत तुझ्या बाकड्यावर बसायचं. बरेचदा भाडं मिळायचंच नाही, आणि नाही मिळालं तर मला आतून बरंच वाटायचं. तू ट्रकची चाकं उघडत बसायचास आणि तुझं तोंड त्या हवेच्या मशीनसारखं चालू. अर्धं बोलणं अहिराणी, अर्धं ट्रकवाल्यांचं हिंदी आणि उरलेल्या शिव्या. मला दिवसभराचं माणूस त्या बाकड्यावर मिळायचं.

एक गोष्ट मात्र रोजची. जीप थांबली की तू आधी माझ्याकडे बघायचा नाहीस. हात पायजम्याला पुसत उठायचास, मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसायचास आणि टायरच्या आतल्या बाजूने तळहात फिरवायचास. गाभण म्हशीच्या पोटावरून फिरवावा तसा, हळू. मग उठून म्हणायचास, चहा सांग. मी एकदा विचारलं की चार चाकं असताना याच एकावर एवढी माया का? तू म्हणालास की ते दुकानाच्या बाजूला येतं, तेवढंच कमी चालावं लागतं. मला ते पटलं. टायरवाल्याला टायरला हात लावल्याशिवाय चैन पडत नसेल, असं धरून मी चहा सांगायला जायचो.

आता गेटरचं सांगतो. तुला काय सांगायचं, पण तुझी नात मोठी होऊन कधीतरी हे वाचेल आणि तिला यातलं काही कळणार नाही, म्हणून तिच्यासाठी. टायरला मोठा काप गेला की आतली ट्यूब त्या कापातून फुग्यासारखी बाहेर येऊ बघते, आणि एकदा फुगा आला की टायर फुटलाच समजायचा. तेव्हा जुन्या टायरचा एक तुकडा कापून, त्याच्या कडा तासून, तो कापाच्या आतून बसवतात. ट्यूबमधली हवाच त्याला जागेवर दाबून धरते. त्याला गेटर म्हणतात. टायर त्याने नवा होत नाही, फक्त फुगा येत नाही. गेटर बसवून झाला की तुझे आजोबा प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच ऐकवायचे, "गेटर शे भाऊ. घर गाठ." म्हणजे माल भरू नको, पुढच्या चाकाला लावू नको, लांब जाऊ नको, सरळ घरी जा आणि टायर बदल.

आणि मला गेटरचं नुसतं नाव काढलं तरी घाम फुटायचा. एसटीत लागण्याआधी मी एका मालकाचा ट्रक चालवायचो, तेव्हा लळिंगच्या घाटात माझं पुढचं चाक फुटलं होतं. आत गेटर होता आणि मालकाने मला सांगितलं नव्हतं. गाडी कठड्याला टेकून थांबली, कोणाला खरचटलंही नाही, पण माझे हात पुढे कित्येक दिवस थरथरत होते. तेव्हापासून माझा नियम झाला की गेटरवाल्या गाडीत मी पाय ठेवणार नाही. तुला हे थट्टेला आयतंच मिळालं. कोणी ट्रकवाला आला की तू माझ्याकडे बोट करून सांगायचास, या साहेबांना लिफ्ट देऊ नको, ते आधी तुझे टायर उघडून बघतील.

तुझं पोट उडायचं हे आपल्याला आधीपासून दिसत होतं. दुपारी बनियन वर करून तू बाकड्यावर आडवा व्हायचास तेव्हा बेंबीच्या वर काहीतरी ठकठक हलायचं. वहिनी म्हणाल्या, बेंबी सरकली. गल्लीतल्या एका बाईंनी येऊन पोट चोळलं, दिवा ठेवून वर तांब्या पालथा घातला, तरी ठकठक चालूच. तू लोकांना बोलावून बोलावून दाखवायचास की बघा, माझं इंजिन उभ्या गाडीतही कसं दमात चालतं. आपण सगळे हसायचो.

दिवाळीनंतरची थंडीची सकाळ होती. ट्रकचं चाक उभं करता करता तू थांबलास, पाठीला हात लावलास आणि चाकाला टेकून खाली बसलास. तोंड राखेसारखं झालं, क्षणभर शुद्धच गेली. मी आणि ट्रकच्या क्लीनरने उचलून तुला जीपमध्ये घातलं. आपल्या डॉक्टरांनी तेव्हा नवीनच सोनोग्राफीचं मशीन आणलं होतं. ते त्यांनी तुझ्या पोटावरून फिरवलं आणि फिरवता फिरवता बोलायचे थांबले. मग वहिनींना आणि मला बाहेर बोलावलं. हृदयातून खाली येणारी मोठी रक्तवाहिनी पोटात फुगली होती आणि तो फुगा मागच्या अंगाने फाटला होता. रक्त पाठीकडे गोठून बसलंय, त्या गाठीनेच भोक धरून ठेवलंय, ती सुटली तर हातात काही राहणार नाही, असं त्यांनी सांगितलं. इथे पोट उघडलं तर टेबलावरच जातील, हेही स्पष्ट म्हणाले. मुंबईला त्यांचा एक वर्गमित्र होता. तो पोट न फाडता जांघेतून आत शिरून फुगा आतल्या आत बंद करतो, हे काम आपल्या देशात अजून फार थोडे लोक करतात, आणि तिथवर पोचले तर आशा आहे. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं, पदर खोचला आणि एवढंच म्हणाल्या, "न्या."

ॲम्ब्युलन्स मिळेना. माझ्या जीपची मागची बाकं काढून गादी टाकली, तुला झोपवलं. उशाशी वहिनी, पायाशी डॉक्टरांचा कंपाउंडर सलाइनची बाटली धरून. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं की त्यांना बोलू देऊ नका, चिडू देऊ नका, रक्ताचा दाब वाढला की गाठ सुटेल. हिरामणला बोलू देऊ नका! मनात आलं, त्यापेक्षा मालेगावपर्यंतचे खड्डे बुजवायला सांगा, ते सोपं पडेल.

पण तू बोललाच नाहीस. चांदवड गेलं, नाशिक गेलं. इतकी सांभाळून गाडी मी जन्मात चालवली नव्हती. आरशात तुझं तोंड दिसत होतं आणि तुझ्या गप्प बसण्याचीच मला जास्त धास्ती वाटत होती. मधूनच तू पुटपुटायचास, डावीकडून काढू नको, डावीकडे खड्डा शे. मला वाटलं, हादऱ्याने कळ येत असेल. इगतपुरीला सलाइनची बाटली बदलायला थांबलो तेव्हा तू मला हाक मारलीस. मी धावत मागे आलो, म्हटलं हे शेवटचं बोलणं. तू माझं मनगट धरलंस.

"पंडित, मागच्या डाव्या चाकाला हात लावून बघ. गरम झालंय का? आता घाट उतरायचाय."

माझं डोकंच फिरलं. तुझं पोट फाटलंय आणि तुला माझ्या टायरची पडलीय, असं मी तुला ओरडून म्हणालो. चिडायचं नाही हे डॉक्टरांनी तुझ्याबद्दल सांगितलं होतं, माझ्याबद्दल नव्हतं. वहिनी मला म्हणाल्या, भाऊजी, ते म्हणतात ते करा. तू मनगट सोडेनास. शेवटी मी गेलो, वाकून हात लावला, चाक कोमट होतं, तसं येऊन सांगितलं. तू डोळे मिटलेस आणि म्हणालास, मंग चाल. मग आपण कसारा घाट उतरलो.

मुंबईच्या दवाखान्यात तुला पुरती भूलसुद्धा दिली नाही. सगळ्या अंगाची भूल दिली की पोट सैल पडतं आणि गाठ सुटते, म्हणून फक्त जांघेपुरती दिली. आत नेण्याआधी त्या डॉक्टरांनी आम्हाला एक नळी दाखवली. साध्या सदऱ्याच्या बाहीएवढीही नाही, पॉलिएस्टरच्या कापडाची, आणि तिला स्टीलच्या तारेच्या स्प्रिंगा हाताने शिवलेल्या. असल्या नळ्या ते स्वतः शिवून तयार ठेवायचे. ही घडी करून एका बारीक नळीत भरायची, जांघेतल्या रक्तवाहिनीतून वर सरकवायची आणि फुग्यापाशी नेऊन मोकळी करायची. स्प्रिंगा उघडल्या की कापड फुग्याच्या वर आणि खाली चांगल्या भिंतीला दाबून बसतं. मग रक्त कापडातून वाहतं आणि फुग्यावरचा जोर जातो. तू स्ट्रेचरवरून ऐकत होतास. सगळी बंदी मोडून तू म्हणालास, "म्हणजे गेटर टाकताय म्हणा ना." त्यांना तो शब्द माहीत नव्हता, मी दोन वाक्यांत समजावून सांगितला. ते हसले आणि जाता जाता म्हणाले, बरोबर, गेटरच. त्यांना घाई होती, रोग्याचं मन राखायचं होतं. त्या एका 'बरोबर'ने पुढे काय घोळ होणार हे त्यांना कुठे ठाऊक.

तू वाचलास. डॉक्टर बाहेर आले, नळी जागेवर बसली, आता रक्त बाहेर जात नाही असं म्हणाले, आणि वहिनी जिथे उभ्या होत्या तिथेच खाली बसल्या. मला रडू आलं नाही. मी खाली जाऊन जीपच्या बॉनेटवर डोकं टेकवून उभा राहिलो. इंजिन अजून गरम होतं.

धुळ्याला परत आल्यावर दुकानापुढे नुसता तुझा दरबार. टेबलावर पडल्या पडल्या तू पडद्यावर स्वतःचंच आतलं बघितलं होतंस. काळी तार वर सरकते, डॉक्टर म्हणतात श्वास रोखा, तू रोखतोस, आणि मिटलेली छत्री उघडावी तशी स्प्रिंग उघडते. प्रत्येक खेपेला सांगताना ती तार थोडी लांब व्हायची. आणखी थोडा जगला असतास तर ती मुंबईहून धुळ्यापर्यंत आली असती. ट्रकवाले तोंडात बोट घालून ऐकायचे. मला सगळं पाठ झालं होतं, तरी बाकड्यावर बसून मी परत परत ऐकायचो आणि मनात म्हणायचो, सांग लेका, हजारदा सांग.

सहा महिन्यांनी दाखवायला या, असं मुंबईच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. ही नळी कधीकधी जागेवरून सरकते. वेळेत कळलं तर आणखी एक आत बसवता येते, नाही कळलं तर फुगा परत फाटतो. तुला, मला आणि वहिनींना, तिघांना समोर बसवून सांगितलं होतं. सहा महिने झाले तशी मी जीप धुऊन पुसून दारात आणली. तू म्हणालास, कशाला? आणि तुझं ते शास्त्र सुरू झालं. गेटर बसला की टायर उघडायचा नसतो. उघडायला हवा काढावी लागते, हवा काढली की गेटर हलतो. बसलेल्या गेटरला छेडायचं नाही, आणि हे काय मी म्हणतोय, त्या डॉक्टरनेच कबूल केलंय की हा गेटर आहे. मी म्हटलं, अरे बाबा, ते उघडत नाहीत, मशीनमध्ये घालून नुसता फोटो काढतात. गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. आपल्या डॉक्टरांनी एकदा रस्त्यात गाठून तुला सांगितलं की मुंबई राहू द्या, माझ्याकडे या, पोटावरून नुसतं मशीन फिरवतो, हात फिरवल्यासारखं. तू त्यांना हात जोडलेस, उद्या येतो म्हणालास, आणि त्या दिवसापासून त्यांच्या दवाखान्यावरून जायचं सोडलंस.

दुसरं शास्त्र याहून वाईट. गेटरवर लांबचा पल्ला नाही. तुझ्या लेकीला, मंगलाला जळगावला मुलगी झाली, किती वर्षं वाट बघून झाली. बारशाला तू गेला नाहीस. पारोळा, एरंडोल, डोळे मिटून जावं असा रस्ता, आणि तू म्हणालास, आपला पल्ला आता दुकान ते घर. वहिनींना मी घेऊन गेलो. मंगला बाहेर आली आणि तिने जीपच्या मागच्या बाजूला डोकावून बघितलं. तुझा स्वभाव तिला माहीत, लपून बसला असशील असं वाटलं तिला. कोणी नाही हे बघितल्यावर ती आत गेली. तिने तुझ्यासाठी वेगळं, कमी तिखटाचं भरीत केलं होतं, ते डब्यात भरून दिलं. तू ते दुकानात बसून चाटूनपुसून खाल्लंस आणि मला विचारलंस की पोर कोणासारखी दिसते. मी रागातच होतो. म्हटलं, स्वतः जाऊन बघ. तू डबा धुवायला उठलास.

शेवटचं भांडण त्यानंतरच्या होळीच्या आसपासचं. त्या दिवशी मी घरूनच ठरवून आलो होतो की याला आज उचलून न्यायचं. मी तोंडाला येईल ते बोललो. माणूस काय टायर आहे का, तुझं डोकं पंक्चर झालंय, वहिनींचा तरी विचार कर. तू सगळं ऐकून घेतलंस, हातातली टायर उचकटायची टॉमी खाली ठेवलीस आणि म्हणालास, "तू गेटरवाल्या गाडीत बसशील का रे पंडित? नाही ना? मग मी पोटात गेटर घेऊन मुंबई का करू?"

  माझाच नियम माझ्या तोंडावर. एरवी जिंकलास की तू टाळीसाठी हात पुढे करायचास. त्या दिवशी केला नाहीस. माझ्या जीपकडे बघितलंस, काहीतरी बोलायला तोंड उघडलंस, आणि मग स्वतःच चहा सांगायला निघून गेलास. चहा सांगायला तू कधीच जायचा नाहीस. मी म्हटलं, याचं उत्तर उद्या देतो.

उत्तर काही सुचलं नाही. आणि मग तो दिवस. सकाळची वेळ, तू बाकड्यावर माझ्या शेजारीच बसला होतास, हातात चहाचा ग्लास. तू ग्लास नीट खाली ठेवलास, थेंबही सांडला नाहीस. पाठीला हात लावलास, पहिल्या वेळेसारखाच. माझ्याकडे बघितलंस.

"गेटर सरकना, पंडित."

गेटर सरकला. आवाज अगदी साधा होता, गिऱ्हाइकाला सांगायचास तसा. मी तुला जीपमध्ये घेतलं, तुझं डोकं माझ्या खांद्यावर आलं, आणि आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्याच्या रस्त्याने, ज्या रस्त्याने तू जायचं सोडलं होतंस, मी गाडी हाकली. दारात पोचलो तो मी एकटाच.

त्यानंतर मी रोज जीप काढतो. कुठे न्यायची ते कळत नाही. बाकडं वहिनींनी आत ठेवून घेतलंय. मी जीपमध्येच बसतो, समोर बघत. कोणी भाडं विचारायला आलं तर गाडी बंद आहे म्हणून सांगतो. घरी गेल्यावर रेडिओ लावतो आणि मग त्याच्यावरच चिडतो. भांडायला माणूस लागतं रे. जेवायला एकटं बसता येतं, भांडता नाही येत.

आता परवाचं सांगतो. मंगलाने आईला कायमचं जळगावला बोलावलं. वहिनींनी घर आवरलं, कुलूप घातलं, आणि मी त्यांना घेऊन निघालो. पाळधीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. डावं. खिळा घुसला होता. स्टेपनी काढली तर तिच्यात हवा नाही, कारण स्टेपनीची हवा बघणं हे तुझं काम होतं. रस्त्याकडेला एक टायरवाला होता, त्याच्याकडे चाक ढकलत नेलं. वहिनी निंबाखाली बसल्या. त्याने टायर सोडवला, ट्यूब ओढून काढली, आत हात घातला आणि म्हणाला, बाबा, यात गेटर आहे.

मी म्हटलं, शक्य नाही. माझ्या गाडीत गेटर नसतो. त्याने टायर माझ्याकडे तिरका करून धरला. मी आत हात घातला. कडा इतक्या बारीक तासलेल्या की बोटाला सांधा लागेना. असल्या कडा तासणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि त्याला आम्ही नुकतंच पोचवून आलो होतो. टायरवाला म्हणाला, जुना दिसतोय, पण जागचा जराही हललेला नाही, ज्याने बसवला त्याचा हात चांगला.

मी वहिनींकडे बघितलं. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. मला सांगायचं नाही अशी तू त्यांना शपथ घातली होतीस म्हणे. जीप घेतल्या घेतल्याच पारोळ्याच्या रस्त्यावर कशाने तरी टायर कापला होता, मला आठवतं, तू चाक आत नेलंस आणि झालं काम म्हणून परत आणून लावलंस. घरी जाऊन तू वहिनींना सांगितलंस की पंडितला गेटर कळला तर तो गाडी दारात उभी करेल आणि स्वतःही घरात बसेल, त्याची बायको आत्ताच गेलीय, तो एकदा घरात बसला की उठायचा नाही. पुढे केव्हातरी टायर बदलून टाकू म्हणायचास, पण रोज हात लावून बघायचास आणि रोज गेटर जागेवर असायचा, म्हणून ते राहून गेलं.

मी रस्त्याकडेच्या दगडावर बसलो. या गेटरवर मी कुठे कुठे गेलो रे! मुंबईला गेलो, कसारा घाट उतरलो आणि परत चढलो. तू वर झोपला होतास आणि खाली तो होता, आणि इगतपुरीला मनगट धरून तू मला हात लावायला लावलास तो यालाच. होळीच्या भांडणात मला गप्प केलंस तेव्हाही हा माझ्या चाकात होता. हेच माझं हुकमाचं पान, की गेटरवाल्या गाडीत मी रोजच बसत होतो. उत्तर माझ्याजवळ नव्हतं, तुझ्याजवळ होतं, आणि ते गिळून तू चहा सांगायला गेलास.

मी वहिनींना विचारलं की गेटर इतका टिकतो हे माहीत असून हिरामण दाखवायला का गेला नाही? त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या.

"घाबरत होते हो ते, भाऊजी. गेटरबिटर काही नाही. सरकलाय असं कोणी सांगेल म्हणून घाबरत होते. पोटावर मला हातसुद्धा ठेवू द्यायचे नाहीत."

टायरवाल्याने विचारलं, काढून टाकू की राहू देऊ. मी म्हटलं, आहे तसा राहू दे. तो म्हणाला, बघा बाबा, गेटर आहे. मी म्हटलं, माहीत आहे. ट्यूब बसली, हवा भरली, आणि लळिंगपासून थरथरणारा हा पंडित समजून उमजून गेटरवाल्या गाडीत चढला. वहिनी मागे न बसता माझ्या शेजारी येऊन बसल्या.

पोर कोणासारखी दिसते, असं विचारलं होतंस ना? तुझ्यासारखी दिसते. कपाळ तुझं, आणि अजून शब्द फुटला नाही तरी तोंड सारखं चालू. मी तिला घेतलं तर तिने माझी मिशी ओढली. मंगला बोलून गेली, बाबांची पण अशीच ओढायची. आणि मग तिच्याच लक्षात आलं की बाबा आलेच नव्हते कधी. आम्ही दोघं दुसरीकडे बघायला लागलो.

परत येताना जीपमध्ये मी एकटा. एरंडोलच्या पुढे गाडी बाजूला घेतली, उतरलो, मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसलो आणि आतल्या बाजूने तळहात फिरवला. चाक कोमट होतं. फुगवटा कुठे लागला नाही. माझ्या चाकावरून तू रोज हात फिरवलास, लेका, आणि तुझ्या पोटावर एकदाही कोणाला ठेवू दिला नाहीस.  जाणारे-येणारे पंक्चर समजून थांबत होते, मी हाताने त्यांना पुढे जा म्हणत होतो. मग गुडघ्याला हात टेकवून उठलो, जीप सुरू केली आणि तू सांगायचास तसं घर गाठलं.